एकशेऐंशी फुटांचा घात

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं, की भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकून कासार आंबोली येईपर्यंत प्रवाशाच्या डोळ्यांपुढून सर्वांत जास्त वेळा जाणारा शब्द म्हणजे गुंठा. डोंगराच्या कुशीतला गुंठा, नदीलगतचा गुंठा, सुलभ हप्त्यांतला गुंठा, 'शेवटचे काही' गुंठे. मुळशी तालुक्याची ओळख पूर्वी आंबेमोहर तांदूळ करून द्यायचा, तीही नुसत्या वासावर. आता ते काम फ्लेक्सकडे गेलं आहे. जमिनीच्या या उलाढालीवर २०१८ साली सिनेमा निघाला आणि 'मुळशी पॅटर्न' हा शब्द जिथे गुंठ्याला कुत्रं विचारत नाही अशा गावांतही पोचला. पण या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. तेहतीसचा वर्ग. पाया ३३, घातांक २. ज्या धड्याच्या दिवशी सातवी-आठवीतल्या पोरांच्या पोटात कळा येतात, तोच धडा या रस्त्याच्या दुतर्फा भल्यामोठ्या फलकांवर, सातबारा कोरा असल्याच्या हमीसह विक्रीला आहे. आणि त्या पोरांचे बाप कर्ज काढून तो विकत घेतात.

धड्याची परिभाषाच मुळात गोंधळाची आहे, हे मान्य करायला हवं. 'घात' म्हटलं की मराठी माणसाला विश्वासघात आठवतो. 'चल' म्हटलं की तो चपला शोधू लागतो. 'कंस' म्हटलं की मामा डोळ्यांपुढे येतो आणि बहुपदीची 'कोटी' विचारली, तर उत्तर रुपयांत द्यायचं की विनोदात, हे कळत नाही. अर्थात ज्या विषयात दगाफटका, मामा आणि कोटी हे सगळे एकाच पानावर नांदतात, तो विषय जमीनजुमल्याच्या मुलखात परका वाटायचं काही कारण नाही. शिवाय शेतकऱ्याच्या तोंडी 'घात' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की जमिनीला घात आली म्हणतात. ती साधली तर पीक, चुकली तर शेतकऱ्याचा दुसऱ्या अर्थाने घात. बीजगणितातला घातही असाच आहे. तो नेमक्या जागी धरला तर सगळं सुरळीत उगवतं, आणि बोटभर इकडे-तिकडे झाला तर उत्तरपत्रिकेत तण माजतं.

हे 'नेमक्या जागी' प्रकरण काय आहे, ते गुंठ्यावरच पाहू. तेहतीसऐवजी तीस अधिक तीन लिहू आणि त्या कंसाचा वर्ग करू. महाराष्ट्रातल्या परीक्षांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं जाणारं उत्तर असं: तीसचा वर्ग ९००, तीनचा वर्ग ९, बेरीज ९०९. अ अधिक ब या कंसाचा वर्ग म्हणजे अचा वर्ग अधिक बचा वर्ग. दिसायला कसं नीटनेटकं, दोघांनाही समान न्याय. फक्त गुंठा १०८९ चौरस फुटांचा आहे. उरलेले १८० कुठे गेले? ते गेले त्या दोन पट्ट्यांत, ज्यांना पुस्तक 'दोन अब' म्हणतं. तीस फुटी चौकोनाच्या एका कडेला तीस बाय तीनची पट्टी, दुसऱ्या कडेला तशीच दुसरी, प्रत्येकी नव्वद, आणि कोपऱ्यात तीन बाय तीनचा चिमुकला तुकडा. आता तीस फुटी वावराच्या कडेने जाणाऱ्या तीन फुटी पट्टीला मुळशीत काय म्हणतात? बांध म्हणतात. ज्या बांधावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, ज्याचा वीतभर भाग नांगराने कोरला म्हणून पौडच्या कचेरीत खेटे घातले जातात, मोजणी मागवली जाते, ती मान्य नाही म्हणून पुन्हा मागवली जाते, तो बांध. आणि परीक्षेत पोरगं दोन्ही बाजूंचे दोन्ही बांध, मिळून गुंठ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा, कोणी न मागता सोडून देतं. वर कोपऱ्यातला नऊ चौरस फुटांचा तुकडा मात्र इमानदारीने सांभाळून ठेवतं. गुंठे काही चौकोनीच असतात असं नाही, वाटण्या होऊन होऊन कित्येकांचा आकार सामोशासारखा झालेला असतो, ही शंका रास्त आहे. पण हिशेब चौकोनाचाच लावतात, आणि हरवलेले १८० कोणत्याही आकारात हरवलेलेच राहतात.

यावरून लोक दोन निष्कर्ष काढतात. एक, पोरं आळशी झाली. दोन, त्यांना गणिताचं डोकंच नाही. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या समाजाने पावकी, निमकी, दिडकी आणि औटकीसुद्धा तोंडपाठ केली, म्हणजे साडेतीनचे पाढे लहान पोरांकडून म्हणून घेतले, त्याला दोनदा गुणायला डोकं नाही म्हणणं हास्यास्पद आहे. माझं म्हणणं असं, की घातांकाच्या बहुतेक चुका डोक्याच्या नसून मालकीच्या आहेत. खांद्यावर बसलेला तो बारका दोन एकच प्रश्न विचारत असतो: माझा ताबा कुठून कुठपर्यंत? एकट्या क्षवर, की त्याच्या आधीच्या आकड्यावरही, की कंसातल्या सगळ्या कुटुंबावर? जमिनीच्या व्यवहारात हा प्रश्न आपण तीनदा विचारतो, वकिलाकडून विचारवतो आणि तरी विश्वास ठेवत नाही. क्षच्या बाबतीत विचारत नाही, कारण क्ष कोणाच्याच बापाचा नाही. त्यात कोणाचा हिस्सा नाही, त्याच्यावर कोणाची वारसनोंद नाही. जिथे आपला हिस्सा नाही तिथे बांध कोणीही कोरावा, आपल्याला त्याचं काय?

याचा पुरावा आपल्या बोलण्यातच आहे. 'दोन क्षचा वर्ग' आणि 'कंसात दोन क्ष, कंसाचा वर्ग' यांत मुलं गल्लत करतात. पहिल्यात वर्ग फक्त क्षचा आहे, दोन बाहेर उभा आहे. दुसऱ्यात दोनचाही वर्ग होतो आणि उत्तर चार क्षचा वर्ग येतं. वर्गात हा फरक समजावताना शिक्षकाचा घसा कोरडा पडतो. पण कासार आंबोलीतल्या कोणत्याही गवंड्याला 'दहा चौरस फूट' आणि 'दहा फूट चौरस' यांतला फरक विचारा. पहिल्यात फार तर एक न्हाणी बसते. दुसरं म्हणजे दहा बाय दहाची खोली, शंभर चौरस फूट. शब्द तेच, फक्त 'चौरस' फुटाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढाच प्रश्न. बीजगणितात त्यालाच कंस म्हणतात. गवंडी हे चुकत नाही, कारण चुकला तर फरशीचे पैसे त्याच्या खिशातून जातात. याहून गमतीचं म्हणजे व्यवहारात आपण घातांक उच्चारतसुद्धा नाही. 'फुटाला काय भाव?' असं सर्रास विचारतो. फूट ही लांबी आहे. लांबी सुतळीची विकतात, जमिनीची नाही. भाव असतो चौरस फुटाचा. तो खांद्यावरचा दोन आपण बोलताना सरळ गिळतो, आणि तरीही विकणारा आणि घेणारा दोघेही तो मनात बरोबर धरून असतात. म्हणजे घातांक न लिहिता, न बोलता, शुद्ध मनोमन हाताळण्याची सिद्धी या लोकांपाशी आहे. शाळेत तोच घातांक छापून, रंगवून, फळ्यावर खडूने काढून दाखवला तरी दिसत नाही.

बांधकामावर तर याच्या पुढची यत्ता भरते. पिरंगुटच्या घाटातून खडीचे डंपर येतात ते ब्रासच्या हिशेबाने. (कासार आंबोलीच्या नावातच कासार आहे, म्हणजे तांब्या-पितळेच्या आणि बांगड्यांच्या धंद्याशी नातं आहे, पण हा ब्रास त्या पितळेचा नव्हे.) खडी-वाळूचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. प्लास्टरचा किंवा फरशीचा एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. एकच शब्द, एकाच्या खांद्यावर अदृश्य तीन, दुसऱ्याच्या खांद्यावर अदृश्य दोन. चार ब्रास खडी आणि तीन ब्रास प्लास्टर मिळून सात ब्रास झाले, असं बिल आजवर कोणा ठेकेदाराने लावलेलं नाही. लावलं असतं तर मालकाने त्याला त्याच खडीत पुरलं असतं. याला पुस्तकाच्या भाषेत म्हणतात, फक्त सरूप पदांचीच बेरीज होते. परीक्षेत मात्र चार क्षचा घन अधिक तीन क्षचा वर्ग यांचं उत्तर 'सात क्षचा पाचवा घात' असं येतं, आणि ते लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर हिशेब मिटवल्याचं समाधान असतं.

घनफूट, चौरस फूट या शिडीने आणखी खाली उतरलं, की शाळेतलं सगळ्यांत मोठं गूढही उकलतं. कोणत्याही क्षचा, तो शून्य नसेल तर, शून्यावा घात एक का? 'शून्य वेळा गुणलं तर शून्य यायला हवं' ही तक्रार फार जुनी आहे आणि वरवर सयुक्तिक आहे. पण घनफुटाला एकदा फुटाने भागा, चौरस फूट उरतो. चौरस फुटाला भागा, फूट उरतो. फुटालाच फुटाने भागा, तर फूट निघून जातो आणि नुसता आकडा उरतो, एक. ती जमीन नाहीशी झाल्याची खूण नव्हे. मापाची पाटी पुसली आणि मोजदाद उरली, एवढंच. सातबारावर नावं किती, हे मोजायला फूट लागत नाहीत. तिथे क्षचा शून्यावा घातच चालू असतो.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं परकीय खूळ आहे. खांद्यावर आकडा चढवायची ही युक्ती फ्रेंच माणसाची. अर्धं खरं आहे. ही लिखाणाची रीत देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथातून रूढ झाली. पण दुखणं त्याहून जुनं आणि अस्सल देशी आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला, त्यातला एक भाग बीजगणिताचा. त्यांच्या परंपरेत अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत. अर्थ असा, की जेवढं असेल तेवढं. जमिनीच्या दलालाला क्षेत्र विचारल्यावर तो जे उत्तर देतो, त्याचं हे संस्कृत रूप. पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. राशीचा वर्ग लिहायचा तर 'या'पुढे 'व', घन लिहायचा तर 'घ'. आणि वरच्या घातांचं काय? चौथा म्हणजे वर्गवर्ग. सहावा म्हणजे घनवर्ग, कारण घनाचा वर्ग केला की दोन आणि तीन यांचा गुणाकार होतो. मग पाचव्याचं काय करायचं? पाच काही दोन-तीनच्या गुणाकारातून येत नाही. तिथे त्यांनी नाव दिलं 'वर्गघनघात'. शेवटचा 'घात' म्हणजे गुणाकार: वर्ग आणि घन यांना एकमेकांनी गुणा, म्हणजे घातांकांची बेरीज होईल. वर्गाला घनाने गुणलं तर दोन आणि तीन पाच, वर्गाचाच घन केला तर दोन त्रिक सहा. आज आठवीतलं पोरगं नेमकं जिथे अडखळतं, तिथेच आपल्या पूर्वजांनी एक जास्तीचा शब्द पाटीसारखा ठोकून ठेवला होता. त्यांनाही हा धोका माहीत होता, एवढं यावरून नक्की म्हणता येतं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. म्हणजे घातांकाची शिकवणी हा धंदासुद्धा इथला आठशेहून अधिक वर्षांचा आहे. क्लासवाल्यांनी फलकावर लिहायला हरकत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जमिनीला दोन घात पुरतात, खडीला तीन. मग पाचवा, सातवा, विसावा घात कशासाठी? तेवढ्या मितींची जागा तर मुळशीतही कोणी विकत नाही. आक्षेप बरोबर आहे. पण जमीन विकून आलेले पैसे कुठे ठेवतात? बँकेत, पतसंस्थेत. आणि तिथे पाऊल टाकलं की दर वर्षी खांद्यावरचा आकडा एकाने वाढतो. लाख रुपये दहा टक्क्यांनी दोन वर्षं चक्रवाढीने ठेवले, तर एक अधिक एकदशांश या कंसाचा वर्ग करायचा. येतात १,२१,००० रुपये. आता मधलं पद गाळणाऱ्याची रीत लावा. एकचा वर्ग एक, एकदशांशाचा वर्ग एकशतांश. हाती १,०१,००० रुपये. गेलेले वीस हजार म्हणजे सगळंच्या सगळं सरळव्याज. राहिलेले हजार म्हणजे व्याजावरचं व्याज. मुद्दलाचं व्याज सोडून फक्त व्याजाचं व्याज घेऊन घरी येणारा माणूस कोणत्याही गावात दुसऱ्या दिवशी सरपंचापेक्षा प्रसिद्ध होईल. विसावा घातही इथेच भेटतो. त्याच लाखाचे त्याच दराने वीस वर्षांत सरळव्याजाने तीन लाख होतात, चक्रवाढीने पावणेसात लाखांच्या आसपास. कर्ज असेल तर हेच उलटं वाचायचं, आणि मुळशीत ते उलटं वाचायची वेळ पुष्कळांवर येऊन गेली आहे. क्ष कशाला, थेट आकडे द्या, म्हणणाऱ्यांनाही उत्तर इथेच आहे. व्याजाचा दर उद्या किती असेल, हे आज कोणालाच माहीत नसतं. त्या न माहीत असलेल्या दराला हिशेबात बसवण्यापुरतं एक अक्षर लागतं. भास्कराचार्यांचं यावत्तावत् ते हेच.

आता मोबाइल आहे, कागद-पेन्सिल कशाला, हा युक्तिवाद उरतो. मोबाइल विचारलेल्याचं उत्तर देतो. काय विचारायला हवं होतं, ते त्याच्या खिजगणतीत नसतं. उणे तीनचा वर्ग, कंस न घालता, एक्सेलमध्ये टंकला तर उत्तर येतं अधिक नऊ. बीजगणिताच्या पुस्तकाप्रमाणे ते उणे नऊ आहे, कारण कंस नसेल तर वर्गाचा ताबा फक्त तीनवर, उणे चिन्ह बाहेर. दोघांचाही आपापला नियम आहे आणि दोघेही त्यावर ठाम आहेत. अशा वेळी पंचाची भूमिका कंसाची, आणि कंस माणसानेच घालायचा असतो. मामा असला म्हणून काय झालं.

घातांकाची लिपीच वाईट, आकडा फार बारीक असतो, दिसत नाही, असंही म्हणतात. बारीक असतो खरा. पण सातबारा घ्या. त्यावर क्षेत्र, गट नंबर, मालकाचं नाव हे सगळं ठळक असतं. खरा मजकूर असतो 'इतर हक्क' नावाच्या रकान्यात, जिथे सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोणा बहिणीचा राहिलेला हिस्सा असा ऐवज दाटीवाटीने बसलेला असतो. तो रकाना वाचायला म्हातारी माणसं चष्मा पुसतात, तलाठ्याला पुन्हा विचारतात, झेरॉक्स काढून पुतण्याला दाखवतात. घातांक हा क्षच्या सातबारावरचा इतर हक्क आहे. त्याच्याकडे त्याच चष्म्याने पाहिलं, तर आठवीच्या निम्म्या चुका संपतील. ज्या घरात बापाने वीतभर बांधासाठी मोजणीची फी दोनदा भरली आहे, तिथे मुलाच्या वहीतले 'दोन अब' जागेवर आहेत की नाहीत, हे पाहायला त्याला फी पडत नाही. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी एकदा हद्दीच्या खुणा तपासून घ्याव्यात.

जाता जाता वाचकांना एक विनंती. या लेखाच्या मथळ्यात 'फुटांचा' असं छापलं आहे. ते 'चौरस फुटांचा' असं हवं. राहिलेला घातांक ज्याने त्याने आपल्या हाताने घालून घ्यावा.